गावातल्या पोट्ट्यांच्या मारामाऱ्या नाटकानं थांबतात का?

प्रश्न असा आहे: यवतमाळकडच्या एका गावात पोळ्यापासून विसर्जनापर्यंत दोन मोहल्ल्यांतले पोट्टे दरवर्षी भिडतात. नाटक, रॅप, भिंतीवरची चित्रं असं काही करून हे थांबेल का, आणि पैसा कुठून आणायचा?

कमी होतं. स्पर्धा ठेवली तर मात्र वाढतं, हे आधी लिहून घ्या. "दोन्ही मोहल्ल्यांची एकांकिका स्पर्धा, आमदारांच्या हस्ते शिल्ड" ही कल्पना बैठकीत कोणीतरी मांडतंच. शिल्ड एकालाच मिळते आणि विसर्जनात तिचा हिशेब होतो.

खरं काम तालमीत होतं. पेरण्या आटोपल्या की जुलैच्या मध्यात सुरू करा. दोन्हीकडचे मिळून बारा ते पंधरा पोट्टे, आठवड्यातून तीन संध्याकाळी, सात ते नऊ. जागा शाळेचा व्हरांडा. समाजमंदिर नको, ते एका कोणाचं तरी असतं आणि बाकीचे उंबऱ्याबाहेरच घुटमळतात. भांडणात पुढे असणारे दोघं-तिघं यायलाच हवेत. नुसती गुणी पोरं जमवली तर कार्यक्रम देखणा होतो, मारामारी तशीच राहते.

पहिले दोन आठवडे भांडणाचा विषय काढायचा नाही. डफ, खंजिरी, ताल, आणि आरशाचा खेळ: दोघं समोरासमोर, एक हलेल तसं दुसऱ्यानं हुबेहूब हलायचं. जिथं "डोळे काऊन दाखवतं बे?" यावरूनच राडा होतो, तिथं हे जड जातं. पोट्टे हसून वेळ घालवतात. घालवू द्या.

तिसऱ्या आठवड्यात प्रसंग घ्या. पानठेल्यावर खर्रा घोटणं चालू आहे, एकाच्या गाडीचा कट दुसऱ्याला लागतो. आधी तीन स्थिर चित्रं करायला सांगा: कट लागण्याआधी, हात उगारताना, दुसऱ्या दिवशी ठाण्यात. मग सात-आठ मिनिटांचा प्रवेश बांधा. फटका दाखवायचा नाही, हात उगारला की थांबायचं. नाहीतर अख्खी संध्याकाळ लाथेच्या तालमीतच जाते. खरी नावं नकोत, जात नको, आणि खऱ्या वैऱ्याला वैऱ्याची भूमिका तर नकोच.

आता प्रवेश पुन्हा चालवा आणि बघणाऱ्यांना सांगा, वाटेल तिथं "थांबा" म्हणा आणि स्वतः आत या. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी 1970च्या दशकात बसवलेली ही रीत. पण श्रोत्यालाच प्रश्न विचारून बोलतं करायचं काम आपल्याकडे गाडगेबाबांच्या कीर्तनात होतंच. सूत्रधार तसा हवा, उत्तर न देणारा. मारणाऱ्याची जागा कोणी घ्यायची नाही, तो एकदम साधू होतो आणि खेळ संपतो. जागा घ्यायची ती तिसऱ्याची. भांडण दोघांचं दिसतं, पण पेटवतो बाजूला उभा राहून "जाऊ देतं काय बे?" म्हणणारा. तो काय करू शकतो, हे पोट्ट्यांनाच शोधू द्या. "जाऊ दे" म्हटलं की अपमान झाल्यासारखं वाटतं. "तुही माय फोन करून राहिली, चाल" हे चालतं, कारण त्यात माघार दिसत नाही.

रॅपला आठ ओळी पुरेत, "मी"पासून सुरू होणाऱ्या. "तू" आला की समोरच्या मोहल्ल्यावर शिवी येते. चित्रं भिंतीवर काढा, पण त्यानं भांडण थांबत नाही.

पैशाचं म्हणाल तर चहा-चिवड्यापुरता लागतो. शंभर-दीडशे लोकांसमोर माईक लागत नाही. लावलाच तर रात्री दहाच्या आत आटपा, पुढे नियमानं बंदी आहे. व्याख्यान, शपथ, पोलीस पाटलांचं मार्गदर्शन हे ज्यांना हवं त्यांनी वेगळ्या दिवशी ठेवावं. प्रवेशानंतर कोणी भाषण ठोकलं की पोट्टे पुढच्या तालमीला येत नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. मुलींचा गट आधी वेगळा घ्या, सूत्रधारही बाईच असावी. आणि अठराच्या आतल्या कोणी लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर ते प्रसंगात वापरायचं नाही, गावात मिटवायचंही नाही. 2012च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर व्हरांड्यातच लिहून ठेवा.

गणपतीनंतर लगेच बंद करू नका. दुर्गा-शारदेच्या मिरवणुका पुढेच असतात. सोयाबीन सोंगणीत पोट्टे मिळणार नाहीत, तेव्हा आठवड्यात एकच संध्याकाळ ठेवा.