‘लागेल कधीतरी’चा माळा

प्रश्न : ताई, आमची इमारत १९८६ सालची. आता पुनर्विकासाला चालली आहे. दोन महिन्यांत जागा रिकामी करून भाड्याच्या वन बीएचकेमध्ये जायचं आहे आणि तिथे माळा नाही. आमचे दोन्ही माळे मात्र गच्च भरलेत. तांब्याचा बंब, हॉर्लिक्सच्या २३ काचेच्या बाटल्या, आइस्क्रीमचे रिकामे डबे, जळालेला मिक्सर, बंद पडलेला जुना टीव्ही, मुलाचा पाळणा, संक्रांतीच्या वाणात आलेल्या डब्या-वाट्या, दोन बॅगा भरून साड्या. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. कशालाही हात लावला की म्हणतात, “राहू दे, लागेल कधीतरी.” आमच्या ह्यांचं म्हणणं, आईला चार दिवस माझ्या नणंदेकडे पाठवू आणि भंगारवाल्याला बोलावून मोकळे होऊ. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंना नणंदेकडे पाठवून माळा रिकामा करू नका, ही माझी कळकळीची विनंती. मी हे केलेलं आहे.

आई माझ्या भावाकडे गेली होती तेव्हा तिच्या घरचा पोटमाळा मी दोन दिवसांत साफ केला. कुकरच्या कडक होऊन तडकलेल्या रबरी रिंगा निघाल्या, आणि तो कुकर तर कधीच घरातून गेलेला होता. एकमेकांना चिकटलेले रेनकोट होते. दमट होऊन गुल उडालेल्या काड्यापेट्या होत्या. त्या सगळ्याबरोबर पोचे आलेलं एक पितळी तपेलंही मी मोडीत दिलं. आई परत आली आणि तिने बाकी कशाचीच चौकशी केली नाही. फक्त तपेलं कुठे आहे ते विचारलं.

त्या दिवशी मला कळलं की ते आमचं नव्हतंच. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आईचं नुकतंच लग्न झालं होतं, बिऱ्हाड नारायण पेठेत. अंगावरच्या लुगड्यानिशी ती बाहेर पडली. पाणी ओसरल्यावर खोलीत गुडघाभर चिखल होता आणि एक वाटीसुद्धा जागेवर नव्हती. तेव्हा कुठल्याशा एक बाई तांदळाने भरलेलं तपेलं घेऊन आल्या. म्हणाल्या, “तांदूळ घ्या आणि तपेलंही राहू द्या, माझ्याकडे माळ्यावरच पडून होतं.” त्याच्या काठावर कुणाचं तरी नाव घातलेलं होतं, लग्नात आहेर आलेलं असणार. त्या बाई पुन्हा कधी भेटल्या नाहीत. मी त्याच संध्याकाळी मोडवाल्याकडे धावले, पण भांडी पुढे गेली होती.

तुमच्या सासूबाईंच्या माळ्यावरही असं एखादं भांडं असेल. ते कुठलं, हे फक्त त्यांना ठाऊक आहे.

म्हणून त्यांना खाली खुर्चीवर बसवा आणि रोज एकच खोकं त्यांच्यापुढे उतरवा. “हे टाकू का?” असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘नको’ असंच येणार. “आई, हे कुणाला लागेल?” असं विचारा. कुणाचं तरी नाव येऊ द्या. पाळण्याला घर सापडेल. नात्यात कुणाकडे बारसं असेल, नाहीतर तुमच्या कामाच्या बाईंच्या सुनेला दिवस गेले असतील. वाणाच्या डब्या-वाट्यांचं तर अगदी सोपं आहे. वाण ‘लुटायचं’ असतं, आपल्याकडे शब्दच तो आहे. सासूबाईंच्या हाताने शेजारणींना लुटू द्या. त्यासाठी संक्रांतीची वाट बघायची गरज नाही.

त्यांच्या पिढीचं चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी जे ठेवलं ते टिकणारं होतं. तांबं, पितळ, दगडी पाटा-वरवंटा वीस वर्षं पडून राहिला तरी तसाच कामाला येतो. पितळेला कल्हई केली की आंबट आमटीसुद्धा त्यात करता येते. पण नंतर त्याच माळ्यावर आपण रबर, फोम, इलॅस्टिक आणि सेलवर चालणाऱ्या वस्तू चढवल्या. त्या नुसत्या ठेवल्यानेच मरतात. सेल फुटून आतला पत्रा खातो, फोमचा भुगा होतो, इलॅस्टिक ओढलं की करकरतं. वापरायला काढाल तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. हे सासूबाईंना बोलून पटणार नाही, हाताला पटेल. एक रबरी रिंग त्यांच्या हातात द्या आणि वाकवून बघायला सांगा.

साड्यांच्या दोन बॅगांना मात्र वेळ द्या. प्रत्येक साडी उलगडून उजेडासमोर धरा. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की घडीवरच विरते. विरली नसेल तर घडी बदलून मलमलच्या किंवा धुतलेल्या सुती कापडात बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते. साडीच्या काठाची खऱ्या चांदीची जर काळवंडली असली तरी तिला मोल असतं, त्यामुळे तिचा खरा-खोटेपणा बघितल्याशिवाय बोहारणीला देऊ नका. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्या. बचत गटातल्या बाया हे काम करतात. सासूबाईंनी साड्या निवडाव्यात, वरचं पांघरूण कुठल्या साडीचं ते त्यांनीच सांगावं. ती गोधडी भाड्याच्या घरात त्यांच्या पलंगावर असेल. नव्या जागेत पहिल्या रात्री म्हाताऱ्या माणसाला झोप येत नाही, तेव्हा ओळखीचा स्पर्श फार उपयोगी पडतो.

बंबाला लाकूड-कोळसा लागतो, धूर होतो, फ्लॅटमध्ये तो पेटणार नाही. गावी कुणाकडे अजून चुलीवर पाणी तापत असेल तर पहिला हक्क त्यांचा. नाहीतर दोन-तीन दुकानांत मोडीचा भाव विचारा आणि वजन तुमच्यासमोर करायला सांगा. मधली नळी, खालची जाळी, तोटी यांतलं काही लोखंडी किंवा पितळी असेल तर ते वेगळं तोलतात.

जुना खोक्यासारखा टीव्ही असेल तर तो भंगारवाल्याला नको. त्याच्या काचेत शिसं असतं आणि तो फोडला की ते फोडणाऱ्याच्या नाकातोंडात जातं. टीव्ही आणि जळालेला मिक्सर दोन्ही ई-कचऱ्यात, अधिकृत संकलन केंद्रावर द्या. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनी अशा वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आइस्क्रीमचे डबे झाकण घट्ट बसणारे तेवढे ठेवा. बाटल्याही तशाच, झाकण गंजलं नसेल त्या.

आणि एक खोकं सासूबाईंचं स्वतःचं असू द्या. त्यात काय जाईल ते कुणी विचारायचं नाही, ह्यांनीही नाही. नव्या घरात माळा नसला तरी त्यांच्या पलंगाखाली ते मावेल.

प्रश्न : मी निवृत्त झालो आहे. स्क्रू, खिळे, वायरचे तुकडे, जुने चार्जर असं सगळं डब्यांमध्ये साठवतो. घरच्यांना ते आवडत नाही. ही सवय सोडावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काका, स्क्रू-खिळे ठेवा. मापाप्रमाणे वेगळे करून डब्यावर चिठ्ठी लावा, म्हणजे घरातल्या कुणालाही सापडतील. जो डबा फक्त तुम्हालाच कळतो, त्यावर घरच्यांचा राग असणं मला समजतं. वायरचे तुकडे हातभर लांब आणि वेष्टण शाबूत असलेले तेवढेच ठेवा, बाकीच्यांतलं तांबं विकता येईल. चार्जर कुठल्या वस्तूचा ते आठवत नसेल तर तो काढून टाका. त्यावर ‘आउटपुट’ पुढे व्होल्टचा आकडा छापलेला असतो. तो न बघता दुसऱ्याच वस्तूला लावला तर वस्तू जळू शकते, आणि घाईच्या वेळी तो आकडा वाचायला चष्मा हाताशी असेलच असं नाही.