मालक नसलेल्या हॉटेलात शिस्त कोण लावतो?

तुम्ही विचारलंय, 'कामगारांनीच सहकारी संस्था काढून हॉटेल चालवलं, तर मालकाशिवाय शिस्त कोण लावणार?'

शिस्तीची काळजी सोडा. एक जण उशिरा आला की त्याचं काम बाकीच्यांच्या अंगावर पडतं, त्यामुळे त्यांची नजर मालकापेक्षा कडक असते. सरकारी कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी १९५७ पासून सोसायट्या काढल्या. त्या सोसायट्यांचं इंडियन कॉफी हाउस अजून चालू आहे. अर्जेंटिनात ब्वेनोस आयर्समधलं हॉटेल बाउएन २००१ मध्ये बंद पडलं, ते कामगारांनी २००३ मध्ये ताब्यात घेतलं आणि कोरोना येईपर्यंत चालवलं.

सडतं ते दुसरीकडून. मी एका सहकारी उपाहारगृहात तीन वर्षं भांडी घासली, रोजंदारीवर. पाटी होती 'कामगारांच्या मालकीचे'. मूळचे चौदा जण सभासद, मागून लागलेले आम्ही नऊ नुसतेच कामगार. वार्षिक सभेत चहा मीच फिरवत होतो. नफा वाटून घ्यायचा की नवा फ्रीजर आणायचा, यावर मतदान सुरू झालं. "फ्रीजरच्या बाजूने कोण?" एका हातात ट्रे, दुसरा मी वर केला. खजिनदार म्हणाले, "काय रे, कप कमी पडले का?" सगळे हसले. मीही हसलो, तेच जास्त लागलं.

पुढे सभासद व्हायला शेअर मागितला, तर म्हणाले, "भांडी घासणाऱ्याला ताळेबंद काय कळणार?" अहो, उष्टी ताटं माझ्याकडे यायची! काय अर्धं टाकलं जातं, कुणाच्या पाळीत मीठ जास्त पडतं, हे तुमच्या वहीआधी मोरीवर कळायचं. हाफ प्लेट ठेवा, हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ठेवली तिसऱ्या वर्षी, खजिनदारांची कल्पना म्हणून.

म्हणून पोटनियमातच लिहून टाका: वर्षभर काम केलेला प्रत्येक जण सभासद, शेअरचे पैसे पगारातून हप्त्याने, आणि शेअर कितीही असोत, मत एकच. टीपच्या डब्यातला वाटाही मोरीपर्यंत पोचला पाहिजे.

हां, पहिल्या दिवसापासून मताचा हक्क देऊ नका. या धंद्यात बरीच माणसं थोड्याच दिवसांत पळतात. आणि सगळा नफा वाटून टाकू नका. त्या सभेत फ्रीजर हरला. पुढच्या उन्हाळ्यात जुना एका रात्रीत बंद पडला, आणि सकाळी तो सडका माल उपसायला मात्र मला बोलावलं.