मधली भिंत पाडायची? आधी तिचा पूर्ण हिशोब मांडा

प्रश्न: जुन्या घराचं नूतनीकरण काढलं आहे. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यातली 3 मीटरची भिंत पाडून एकच मोठी खोली करावी, असं मनात आहे. भिंत ठेवली तर कंत्राटदाराचा अंदाज आमच्या 6 महिन्यांच्या घरखर्चाइतका येतो, पाडली तर 10 महिन्यांच्या. शिल्लक 12 महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. इथे अजून साधारण 6 वर्षं राहू. काय करावं?

उत्तर: 12 शिल्लक आणि 10 खर्च, म्हणजे वरवर सगळं बसतं. पण त्या 12 पैकी 6 महिन्यांचा खर्च अडीअडचणीसाठी बाजूला राहायलाच हवा. तो फरशीत घालू नका. हातात उरले 6.

आता अंदाजावर वाढ धरा. भिंत ठेवून होणाऱ्या कामात आश्चर्यं कमी असतात, तिथे 15 टक्के पुरतात: 6 चे 6.9. भिंत पाडताना आत काय निघेल ते आधी दिसत नाही, म्हणून 20 टक्के: 10 चे 12. म्हणजे पहिल्या पर्यायात 0.9 कमी पडतात, ते काम थोडं पुढे ढकलून साठवता येतील. दुसऱ्यात 6 महिन्यांच्या खर्चाइतकं कर्ज लागेल. वार्षिक 11 टक्के व्याजाने आणि 5 वर्षांच्या मुदतीने त्याची परतफेड होते सुमारे 7.8. म्हणजे एकूण 13.8. तुमच्या कागदावर दोन पर्यायांतला फरक 4 महिन्यांचा आहे. प्रत्यक्षात तो 7 च्या घरात जातो. शिवाय 5 वर्षं दरमहा घरखर्चाच्या 13 टक्के इतका हप्ता. मोकळ्या खोलीसाठी हे मान्य आहे का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. पुढे घर विकताना हा पैसा वसूल होईल असं धरू नका. बंद स्वयंपाकघरच हवं असणारे खरेदीदारही असतात.

फरक एवढा का वाढतो? कारण भिंत पाडणं हे त्यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे. पैसा जातो तो भिंतीने जे पेललं होतं त्यावर. भिंत भार पेलते की नुसता आडोसा आहे, हे ती वाजवून किंवा जाडी मोजून ठरवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर नकाशा बघतो, वरच्या कडेचा गिलावा थोडा फोडून बीम आहे का ते पाहतो, स्लॅब कोणत्या दिशेने टेकला आहे आणि वरच्या मजल्यावर बरोबर त्याच रेषेत काय उभं आहे ते तपासतो. भार असेल तर टेकू लावून बीम बसवावा लागतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. बीम आणि स्लॅब यांच्यामधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाने) ठासून न भरताच टेकू काढले, तर स्लॅब बीमवर टेकेपर्यंत खाली येतो. मग वरच्या खोलीत गिलाव्याला बारीक चिरा पडतात, दरवाजा घासू लागतो. बीमची दोन्ही टोकं कशावर बसणार, हेही रेखाटनात लिहिलेलं हवं.

भिंत गेली की फरशीत तिच्या जाडीचा उघडा पट्टा राहतो, अर्ध्या विटेच्या जाडीची भिंत असली तरी गिलाव्यासकट सुमारे 14 सेंटीमीटर. दोन्ही खोल्यांची पातळी बहुधा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने वेगळी निघते आणि जुन्या फरशीला जुळणारी फरशी सहसा मिळत नाही. मग 'होऊनच जाऊ दे' म्हणत दोन्ही खोल्यांची फरशी बदलली जाते. अंदाज फुगतो तो इथे. या पट्ट्यात मुद्दाम वेगळ्या रंगाची फरशी घालायची, हे आधीच ठरवा.

सिंक जागेवरून हलवू नका. सांडपाण्याच्या नळाला 40 ला 1 असा उतार दिला तर मीटरमागे अडीच सेंटीमीटर लागतात. सिंक 4 मीटर लांब नेलं की 10 सेंटीमीटर, आणि तेवढी जमीन उचलावी लागते.

चिमणीचा खर्च अंदाजपत्रकात सहसा नसतो. 9 चौरस मीटरच्या बंद स्वयंपाकघरात, 2.8 मीटर उंची धरून, 25 घनमीटर हवा असते. तासाला 10 ते 12 वेळा ती बदलायची तर 250 ते 300 घनमीटर क्षमता पुरते. बैठकीसकट 30 चौरस मीटर झालं की हवा 84 घनमीटर होते आणि त्याच हिशोबाने गरज 840 च्या पुढे जाते. एवढ्या क्षमतेला डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारा नळ, 150 मिलिमीटरचा सरळ हवा. वाटेत 100 चा तुकडा जोडला तर वाट निम्म्याहून कमी उरते, मोटर आवाज करते आणि तळणाचा वास सोफ्यात मुरतो. हवा गाळून परत खोलीतच सोडणारी चिमणी वाफ बाहेर टाकत नाही, हेही लक्षात ठेवा. गॅसची शेगडी असेल तर दार नसलेल्या स्वयंपाकघराला तुमच्याकडचे नियम परवानगी देतात का, ते आधी विचारा.

आणि कपाटं! 3 मीटर भिंतीला खाली-वर कपाटं असतील तर 6 मीटर साठवण जाते. ती मधल्या ओट्यात बसवायची तर ओट्याच्या चारही बाजूंनी किमान 90 सेंटीमीटर वाट सोडावी लागते.

तुमच्या 6 वर्षांसाठी मी पूर्ण भिंत पाडण्याचा सल्ला देणार नाही. तिसरा अंदाज मागवा: भिंतीत 1.5 ते 1.8 मीटरचं खिंडार आणि सरकतं काचेचं दार. उजेड आणि नजर आरपार जाते, तळताना दार ओढून घेता येतं, उरलेल्या भिंतीवर कपाटं आणि स्विचबोर्ड तसेच राहतात. भार असेल तर याही खिंडाराला इंजिनिअर लागेलच. हा अंदाज साडेसात महिन्यांच्या खर्चाच्या आत बसला तर घ्या: 20 टक्के वाढ धरून 9, कर्ज 3 चं, व्याजासकट एकूण 9.9. दरमहा हप्ता घरखर्चाच्या साडेसहा टक्क्यांवर राहतो.

इंजिनिअरची तपासणी कंत्राटदाराच्या करारावर सही करण्याआधी करून घ्या आणि तिचे पैसे स्वतः द्या. इमारत सामाईक असेल तर लेखी परवानगी हातात ठेवा. राडारोडा नेणं, गिलावा आणि रंग अंदाजात आहेत का ते बघा. वाढीव काम लेखी दर ठरल्याशिवाय सुरू होऊ देऊ नका. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे 10 टक्के काम संपल्यावर दोन महिन्यांनी, चिरा पडल्या नाहीत हे बघून द्या.