गुरुवारी सहा-सात तास वीज नसते. मोठा इन्व्हर्टर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की पिंपरी-चिंचवडला नवीनच राहायला आलात, काही गुरुवारी सकाळपासून चार-पाच वाजेपर्यंत वीज बंद असते, घरात तान्हं बाळ आहे आणि सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. मी घरगुती वायरिंगची कामं करतो. माझं म्हणणं असं की मोठा इन्व्हर्टर घेऊ नका, आधी पंखे बदला.

हिशेब बघा. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची असते, पण प्रत्यक्षात बाराशेच्या आसपासच हाती लागतात. साधा पंखा ७५ वॅट खातो. असे दोन पंखे, ९ वॅटचे तीन एलईडी बल्ब आणि १० वॅटचा राउटर धरला तर १८७ वॅट होतात, म्हणजे साडेसहा तासांत बॅटरी संपली. तेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले तर एक साधारण ३० वॅटवर चालतो. एकूण शंभरच्या आत येतं आणि १०० एएचची छोटी बॅटरीही दिवस काढते. शिवाय वर्षभर बिल कमी येतं ते वेगळंच.

बॅटरी बंद कपाटात किंवा दिवाणाखाली ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, हवा खेळती हवी. पाणी फक्त डिस्टिल्ड, नळाचं किंवा आरओचं चालत नाही. आणि वायरमनला बजावून सांगा की इन्व्हर्टरच्या लाईनवर बाळाच्या खोलीतला पंखा हवाच. फ्रीज, गीझर, मिक्सर तिच्यावर नकोत.

आता इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. दार न उघडता फ्रीज साधारण चार तास थंड राहतो, तुम्हाला त्याहून जास्त वेळ काढायचाय. म्हणून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या पाऊण भरून गोठवा आणि सकाळी वीज जायच्या आधी खालच्या कप्प्यात आणून ठेवा. इन्सुलिन मात्र त्यांना टेकू देऊ नका. एकदा गोठलं की ते वाया जातं, वितळल्यावरही वापरायचं नाही. वापरात असलेलं पेन सहसा बाहेरही टिकतं, पण किती दिवस आणि किती तापमानात ते पाकिटावर वाचा किंवा औषधवाल्याला विचारा. बाळाचं दूध, पाणी बाहेर काढून ठेवा, म्हणजे दर तासाला दार उघडणार नाही. वाटण, पीठ रात्रीच उरका. सोसायटीचा पंप आणि लिफ्ट जनरेटरवर आहे का, हेही सेक्रेटरींना विचारून घ्या.

गुरुवारच का? इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून देखभालीची कामं त्या दिवशी धरतात. एप्रिल-मेमध्ये ती वाढतात, कारण पावसाआधी तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या असतात, तारेची वीज खांबात उतरू न देणारे इन्सुलेटर तडकले असतील तर बदलायचे असतात. चिनी मातीचा इन्सुलेटर उन्हात तापतो आणि पहिल्या सरीने तडकतो; जूनमधल्या कितीतरी रात्रीचा अंधार त्यातूनच येतो. म्हणून मला हे शटडाऊन खटकत नाहीत. ग्राहक क्रमांकाला तुमचा मोबाईल जोडून घ्या, महावितरणचा मेसेज आधी येतो. सांगितलेल्या वेळेत वीज आली नाही तर १९१२ वर विचारा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. भाड्याचा जनरेटर आणून त्याची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खोचू नका, कुणी शेजारी करत असेल तर थांबवा. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टची होऊन तारेवर चढते, आणि त्या वेळी खांबावर लाईनमन काम करत असतो. जनरेटर लावायचाच असेल तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा) बसवल्याशिवाय नाही, आणि बंद गॅलरीत तर मुळीच नाही. त्याचा धूर जीव घेतो. इन्व्हर्टर व्यवस्थित जोडलेला असेल तर हा प्रश्न येत नाही.

वीज परत येताना पहिली काही मिनिटं व्होल्टेज वरखाली होऊ शकतं. फ्रीज आणि एसी बटणावर बंद ठेवा, पाच मिनिटांनी सुरू करा. पुढेमागे छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर विक्रेत्याला विचारा, बॅटरी आहे का? बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, सोलर वीज गेली की भर उन्हातही बंद पडतं. तेही त्या खांबावरच्या माणसासाठीच.