छोट्या कारखान्यात नवीन कामगारांना कामाची ओळख कशी करून द्यावी आणि कोणाला कोणत्या कामावर नेमावे?

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आपला प्लास्टिकच्या चटया विणण्याचा कारखाना आहे, तेथे तीस-पस्तीस माणसे काम करतात, नव्याने घेतलेल्यांपैकी बरेच जण पहिल्या पगारानंतर येणे बंद करतात आणि जे टिकतात त्यांना कोणत्या खात्यात ठेवावे हे समजत नाही, असे आपण लिहिले आहे. खानदेशातील पाईप व प्लास्टिकच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागाचे काम मी बराच काळ केले असल्याने त्या अनुभवावरून उत्तर देतो.

माणसाचे खाते मुलाखतीच्या टेबलावर ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाखतीत प्रत्येक जण ‘कोणतेही काम करीन’ असेच सांगतो, कारण त्याला नोकरीची गरज असते आणि आपल्याकडे कोणकोणती कामे चालतात याची त्याला कल्पनाही नसते. नेमणूकपत्र रुजू होतानाच द्यावे, मात्र त्यात पद हेल्परचे ठेवून पहिले दोन आठवडे त्याला मिक्सिंग (दाणा व रंग मिसळणे), एक्स्ट्रुडर (प्लास्टिक वितळवून बाहेर काढणारे यंत्र), लूम (विणण्याचा माग) आणि पॅकिंग या प्रत्येक ठिकाणी दोन-तीन दिवस एखाद्या जाणत्या कामगाराबरोबर उभे करावे. कामाची ओळख करून देण्याचा हा काळच नेमणुकीची खरी परीक्षा असतो. त्यात माणूस आपल्याला दिसतो आणि काम त्याला दिसते.

पहिल्या दिवशी सर्वांत आधी पगाराचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. पहिल्या पगारानंतर माणसे जातात, यामागे माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा हा हिशेब आधी माहीत नसणे हेच कारण असते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये ठरले असतील, तर भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये, ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, ०.७५ टक्के म्हणजे ९० रुपये आणि पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २०० रुपये वजा होऊन हातात १०,२७० रुपये पडतात. ‘बारा हजार सांगितले आणि सतराशे कापले’ ही भावना एकदा मनात बसली की पुढे कितीही समजावले तरी उपयोग होत नाही. तोच हिशेब आधी दाखवला, निधीत मालकाचाही वाटा जमा होतो आणि ईएसआयमुळे घरच्यांनाही औषधोपचार मिळतो हे सांगितले, तर माणूस घरी जाऊन तेच अभिमानाने सांगतो.

सुरक्षिततेबाबत भाषण देऊ नये, यंत्रापाशी नेऊन दाखवावे. रोलरमध्ये हात कोठे ओढला जाऊ शकतो, आपत्कालीन बटण कोठे आहे, गळ्यातला गमछा आणि सैल बाह्या का चालत नाहीत, हे यंत्र बंद असताना हात लावून दाखवलेले लक्षात राहते. फिरत्या यंत्राजवळ अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, ही अपेक्षा १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलेली आहे.

आपल्या भागात उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि आत एक्स्ट्रुडरचे तापमान २०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. अंगाला उष्णतेची सवय होण्यास काही दिवस लागतात आणि उष्माघाताचा धोका नवख्या माणसाला पहिल्याच काही दिवसांत अधिक असतो. म्हणून कामगारांच्या सुरक्षिततेवर व आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेतील ‘नायॉश’ ही सरकारी संस्था सुचवते की, नव्या माणसाला पहिल्या दिवशी अशा उष्ण जागी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच वेळ ठेवावे आणि रोज २० टक्क्यांहून अधिक वाढ करू नये. सुटीवरून परतलेल्या जुन्या माणसासाठी हेच प्रमाण ५०, ६०, ८० आणि १०० टक्के असे चार दिवसांचे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाऊन आलेल्या ऑपरेटरलाही ते लावावे, कारण आखाजी नेमकी कडक उन्हाळ्यातच येते.

शिकवण्यातली खरी अडचण भाषेची असते, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. अमळनेर-धरणगावकडचा मुलगा घरी अहिराणी बोलतो, यावल-रावेरकडचा लेवा गणबोली, चोपड्याच्या पलीकडून सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आदिवासी तरुण पावरी. सुपरवायझर पुस्तकी मराठी बोलतो आणि लूमवरचा जुना ऑपरेटर अनेकदा हिंदी. ‘समजनं का?’ असे विचारले की मान हलते, पण ती बहुतेक वेळा संकोचाने हललेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतील नव्या माणसांसाठी चार पायऱ्यांची एक पद्धत बसवली गेली होती, जी पुढे जपानी कारखान्यांनीही उचलली: आधी माणसाची भीती घालवणे, मग काम टप्प्याटप्प्याने करून दाखवणे, मग त्याच्याकडून करवून घेताना प्रत्येक टप्प्याचे कारण त्याच्याच तोंडून ऐकणे आणि शेवटी स्वतंत्रपणे काम देऊन अधूनमधून पाहून येणे. आपल्याकडे तिसरी पायरी नेमकी गाळली जाते. ते कारण त्याने स्वतःच्या बोलीत सांगितले तरी चालेल. त्यासाठी ती बोली जाणणारा सोबती जोडून द्यावा. हा सोबती सर्वांत वेगवान कामगार असण्याची गरज नाही. उलट, वेगवान माणूस बहुधा शिकवण्याचा कंटाळा करतो.

आता नेमणुकीचे. आपल्या धंद्यात रंगांची पारख महत्त्वाची असल्याने लूमवर किंवा तपासणीवर ठेवण्यापूर्वी रंगदृष्टीची साधी चाचणी करून घ्यावी. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसे, विशेषतः पुरुष, असतात आणि त्यांना स्वतःला ते माहीत असतेच असे नाही. दम्याचा त्रास असलेल्याला ग्राइंडरच्या धुळीत ठेवू नये. आयटीआय झालेल्या फिटरला वर्षभर पॅकिंगवर ठेवले तर तो जाणारच. त्याला सुरुवातीपासून देखभालीच्या माणसाबरोबर जोडावे. बाकीच्यांबाबत शिफ्ट इनचार्जचे मत ऐकावे, पण ‘मुलगा हुशार आहे’ एवढ्यावर थांबू न देता, धागा तुटल्यावर तो स्वतःहून यंत्राकडे गेला की कोणाची तरी वाट पाहत राहिला, असे विचारावे. लूमला पहिल्या प्रकारचा माणूस लागतो, तर मिक्सिंगला प्रमाण न चुकवता तेच काम दिवसभर शांतपणे करणारा.

दोन आठवड्यांनंतर त्याला समोर बसवून, कोणते खाते जमेल असे वाटते, हे त्यालाच विचारावे आणि शक्य असेल तर तेथेच ठेवावे. नंतर बदली मागितली तर ती तीन महिन्यांपर्यंत कुरकुर न करता द्यावी. फक्त शिफ्ट इनचार्जशी पटत नाही म्हणून बदली मागणाऱ्याच्या बाबतीत आधी त्या इनचार्जशी बोलावे. एकाच माणसाच्या हाताखालून सगळे सोडून जात असतील, तर खाते बदलायची गरज कामगाराला नसून इनचार्जला असू शकते.