मेजवानी कोणी ‘केली’?

म्हापशाहून विचारणा आली आहे: ‘१९८४ साली पहिल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेची मेजवानी नेपाळने केली’ हे वाक्य बरोबर का? आणि स्पर्धेला ‘सॅफ’ (साउथ एशियन फेडरेशन) म्हणावं का?

बरोबर कसलं! मेजवानी देतात किंवा झोडतात. या वाक्यात सात देशांचे खेळाडू काठमांडूत जेवून हात धुऊन परत गेले. हिंदीतली ‘मेज़बानी’ उचलायची, ब चा व करायचा आणि वाढायची आमच्या पानात. १९८७ला कोलकाता, १९९५ला चेन्नई, २०१६ला गुवाहाटी-शिलाँग, आणि आपल्या गोव्यात २०१४ची लुसोफोनी, म्हणजे पोर्तुगीजभाषक देशांची, स्पर्धा. सगळीकडे हीच मेजवानी. कान किटले.

‘यजमानपद’ आहे ना! सत्यनारायणाला गुरुजी म्हणतात, “यजमान, आचमन करा.” मंत्र गुरुजींचे, खर्च आणि पुण्य तुमचं. व्याकरणही हेच सांगतं: यज्ञाचं फळ स्वतःला मिळत असेल तर ‘यजते’ (यजमान त्यातलाच), दुसऱ्यासाठी करणारे याजक ते ‘यजन्ति’. काठमांडूने मैदानं सजवली ती स्वतःच्या नावासाठीच. (बायका नवऱ्याला ‘आमचे यजमान’ म्हणतात त्यात फळ कोणाला, यावर मी बोलणार नाही.)

आता खरी गंमत. गोव्यातले जाणकार छातीठोकपणे सांगतात की मेज पोर्तुगीज ‘मेझा’वरून, म्हणून मेजवानीही पोर्तुगीजांची. आमची आई टेबलाला मेजच म्हणायची, तेव्हा मेजापुरतं मी ऐकून घेतो. पण मेजवानी? पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१०मध्ये. फारसीत ‘मेज़बान’ त्याच्या कित्येक शतकं आधीपासून आहे. पोर्तुगीजांनी काय गलबतातून भूतकाळात जाऊन शब्द पोचवला? माझ्या मते त्याचं मूळ अवेस्तातल्या (पारशांच्या धर्मग्रंथातल्या) ‘म्यझ्द’मध्ये, म्हणजे देवांना वाहिलेल्या अन्नात. त्याचाच वैदिक भाऊ ‘मियेध’. म्हणजे यजमान आणि मेज़बान, दोघंही यज्ञाच्याच धुरातून डोळे चोळत बाहेर आलेले! हे सुचलं त्या रात्री मला झोप नाही.

हो, ‘सॅफ’ राहिलंच. त्यातला ‘फ’ फेडरेशनचा. २००४मध्ये तो नावातून गेला. १९८५च्या ढाक्याबद्दल, जिथे कबड्डी या स्पर्धेत आली, लिहिताना सॅफ चालेल. २०१९च्या काठमांडूला नको. तिथे नेपाळ यजमान होता. मेजवानी दिली असेल, तर ती वेगळी.