तिसऱ्या खेपेला मुलगाच होईल का?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे: वय ३१, सात आणि चार वर्षांच्या दोन मुली, दोन्ही वेळा सिझेरियन. पाळी ३२ दिवसांनी येते. यजमान मुंबईत नोकरीला, गणपतीला दहा दिवस घरी येतात. सासूबाई म्हणतात, "ह्या खेपेक झीलच होतलो." त्यासाठी पाळीपासूनच्या सोळा रात्रींतल्या सम रात्री धरायला सांगतात आणि गावठी औषधाची पुडीही आणून ठेवली आहे. मुलगा होण्याची शक्यता किती, आणि पुडी घेऊ का, असं त्या विचारतात.

ताई, पुडी घेऊ नका. जन्मणाऱ्या शंभर बाळांत साधारण ५१ मुलगे असतात आणि ४९ मुली. तुमच्या तिसऱ्या खेपेलाही हाच आकडा. दोन मुली झाल्या म्हणून आता मुलाचा नंबर लागला, असं होत नाही. स्त्रीबीजात कायम एक्स गुणसूत्र असतं. पुरुषबीजांत निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. कोणतं आधी पोचलं त्यावर ठरतं, आणि ते गर्भधारणेच्या क्षणीच ठरून जातं. दोन मुली झाल्याबद्दल तुम्हाला बोल लावला जात असेल, तर तो साफ चुकीचा आहे. यजमानांचाही दोष नाही. ते त्यांच्या हातात नसतंच.

पुडी दिली जाते ती दिवस गेल्यावर, म्हणजे सगळं ठरून गेल्यावर. पहिल्या आठ आठवड्यांत बाळाचं हृदय, मेंदू, हातपाय घडत असतात आणि पुडीत काय कुटलंय हे तुम्हाला कुणी सांगत नाही. तरी पुडी देणाऱ्या माणसाचं नाव का होतं? शंभर जणींना नुसती साखर दिली तरी ५१ जणींना मुलगा होणारच. त्या नारळ घेऊन येतात, बाकीच्या गप्प बसतात.

सम-विषम रात्रींचंही तेच. अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संबंधाचा दिवस आणि बाळाचं लिंग यांचा काही मेळ दिसला नाही. मात्र गर्भ राहतो तो सहाच दिवसांत, हे त्यातून नक्की झालं: बीज सुटण्याचा दिवस आणि आधीचे पाच. बीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं. तुमची पाळी ३२ दिवसांची, म्हणजे अठराव्या दिवसाच्या आसपास. तुमचे दिवस तेरावा ते अठरावा, त्यातही शेवटचे तीन महत्त्वाचे. सोळाव्या रात्री थांबलात तर त्यातले दोन हातचे जातील. दिवसाआड संबंध आला तरी पुरतो. गणपतीच्या सुट्टीत हे दिवस येतात का, ते कॅलेंडरवर मांडून बघा; नसतील येत तर रजा त्याप्रमाणे घ्यावी लागेल.

पण त्याआधी दोघांनी बसून एकाच प्रश्नाचं उत्तर द्या: तिसरीही मुलगी झाली तर हवी आहे का? 'हो' असेल तरच पुढे जा. शंभरात ४९ वेळा तेच होणार आहे, आणि नकोशी म्हणून वाढण्याची शिक्षा त्या पोरीला होईल.

दोन सिझेरियननंतरचं तिसरं बाळंतपण साधं धरू नका. वार (प्लॅसेंटा) आधीच्या टाक्याच्या व्रणावर रुजली तर ती न सुटण्याचा आणि भयंकर रक्तस्राव होण्याचा धोका असतो. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार नेमकी कुठे आहे हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. बाळंतपण रक्तपेढी जवळ असेल अशाच ठिकाणी ठरवा. तालुक्याला नसेल तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आधीच नाव घाला. शेवटच्या क्षणी घाटीवळणांच्या रस्त्याने रुग्णवाहिका पळवणं जिवावर बेतू शकतं.

त्याच सोनोग्राफीत 'काय आहे' ते बघून घेऊ, असं कुणी सुचवेल. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. तपासणी करून मागणाऱ्यालाही पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होतो. बाईवर नवऱ्याने किंवा सासरच्यांनी जबरदस्ती केली असंच कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं.

घराला आणि आंब्याच्या कलमांना वारस हवा, हे सासूबाईंचं म्हणणं असेल तर तो तुमच्या घरात आहेच. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सातबाऱ्यावर वारस म्हणून मुलींची नावं लागतात.

हे सगळं सासूबाईंशी बोलायचं काम मात्र यजमानांचं. सुनेने सांगितलं तर ते उलट उत्तर ठरतं. मुलाने "आई, पुडी आणि हिशोब बंद, आमचं आम्ही ठरवू" म्हटलं तर ऐकलं जातं. फोनवर नको, समोर बसून. तिसरं हवं असं ठरलंच, तर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड किमान महिनाभर आधी सुरू करा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढा, मग गणपतीचं बघा.